विषयांच्या चिठ्ठ्यांची बरणी

मी एक जुनी, रुंद तोंडाची काचेची बरणी आहे. एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या कपाटावर माझा मुक्काम असतो. शेजारी काचेच्या पेटीत एक म्हातारा तराजू आहे. त्यानं मला एकदा बजावलं होतं, "बाई, या कामात पडू नकोस. काही न तोलता वाटून टाकणं हे आपल्या खोलीचं काम नव्हे." मी मनातल्या मनात हसले. म्हटलं, याच्या पारड्यांना गंज चढलाय, दुसऱ्याचं कौतुक याला कसं बघवेल? मित्रांनो, मला वाटत होतं, मला बढती मिळाली आहे.

माझा जन्म भट्टीतला. लालभडक काचेचा गोळा एका कारागिरानं नळीनं फुंकला, साच्यात उतरवला आणि मला पोट आलं. इथे आणल्यावर माझ्यात मोरचुदाचे खडे भरले. सकाळचं ऊन माझ्यातून आरपार गेलं की समोरच्या भिंतीवर निळा डाग पडायचा आणि घाईतली मुलंसुद्धा क्षणभर थांबायची. माझं झाकण इतकं घट्ट होतं की ते उघडताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे होत. मग एक दिवस ते कुणाच्या तरी हातून निसटलं आणि त्याचे तुकडे झाले. बिनझाकणाच्या बरणीत रसायन कोण ठेवणार? मी रिकामी झाले. काही वर्षं माझ्यात बंद पडलेली पेनं आणि चॉकलेटचे कागद तेवढे जमत गेले.

मला पुन्हा कामाला लावलं ते विभागप्रमुखांनी. मुलं त्यांना पाठीमागे 'मोजपट्टी सर' म्हणत, कारण ते चालतही तसेच ताठ आणि बोलतही तसंच. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला एक संशोधन प्रकल्प करावा लागे. आधी जो पुढे घुसेल त्याला चांगला विषय मिळायचा आणि मागे राहणाऱ्यांना उरलासुरला. भांडणं व्हायची, पालक तक्रारी घेऊन यायचे. म्हणून सरांनी नवीच पद्धत काढली. प्रत्येकानं आपल्याला सुचलेला विषय चिठ्ठीवर लिहून माझ्यात टाकायचा, मग डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची. जी हाताला येईल ती आपली. प्रयोगशाळेतली यंत्रंही त्याच विषयापुरती मिळणार. सर माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणायचे, "हिला ना मामा, ना काका." ते खरंच प्रामाणिक होते. मुलं चिठ्ठ्या टाकत तेव्हा ते तोंड फिरवून उभे राहत.

साफसफाई करणाऱ्या मावशी मला त्यासाठी साबणानं घासत, कोरड्या फडक्यानं पुसत. त्या दिवशी सगळ्या वर्गाचे डोळे माझ्यावर असायचे. मी किती फुशारले होते म्हणून सांगू!

त्याच काळात 'काकू' आली. वयानं वीसही नसेल, पण वर्गात सगळे तिला काकूच म्हणत. तिच्या पिशवीत सुईदोरा, पिना, डोकेदुखीची गोळी, सगळं सापडायचं. कुणाचं बटण तुटलं की हाक तिलाच. तिला एक लहान भाऊ होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. रस्त्यानं तो पुढे पळाला की त्यांची आई चपला काढून हातात घेऊन मागे धावायची, कारण हाक मारून उपयोग नव्हता.

हे मला कळलं ते मावशी मला विसळत होत्या तेव्हा. काकू शेजारच्या नळावर हात धुत होती. ती मावशींना सांगत होती की घरी मिक्सर लागला की भाऊ धावत येतो, ओट्यावर तळवा टेकतो आणि खुदखुदून हसतो. कोणती थरथर त्याच्या हाताला नीट कळते, लाकडातून ती किती लांब जाते, हे एकदा मोजलं तर घरात एक फळी बसवता येईल. म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत...

"अगं, पण एवढा खटाटोप कशाला?" मावशींनी विचारलं.

"मला त्याला हाक मारायचीय, मावशी," ती म्हणाली. "सुट्टीनंतर तो लांबच्या शाळेत राहायला जाणार आहे. त्याआधी एकदा तरी."

चिठ्ठ्यांच्या दिवशी तिनं हाच विषय लिहिला. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "काकू, कोपरा दुमडून ठेव की, हाताला लागेल." तिनं मान हलवली आणि सगळ्यांसारखीच चौकोनी घडी घातली.

मित्रांनो, काचेला सगळं दिसतं. तिचा हात आत आला. तिची बोटं तिच्याच चिठ्ठीवर टेकली, थबकली आणि तिच्या खालची चिठ्ठी उचलून वर गेली. त्यावर लिहिलं होतं, लोलकाचे हेलकावे कसे मंदावतात. तिची चिठ्ठी लंबूच्या हाती लागली. लंबू उंच, आळशी, पण मनानं चांगला. तो स्वतःच म्हणाला, "सर, मी काकूला देतो ही. मला काय, लोलक तर लोलक."

"आज तुम्ही दोघं बदलाल, उद्या सगळा वर्ग बदलेल," सर म्हणाले. "विषय कुठलाही असो, शिकायचं ते शिकता येतं."

काकू "ठीक आहे, सर" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. पुन्हा कुणी त्यावर बोललं नाही.

लंबूनं काम केलं, पण उरकल्यासारखं. एकदा त्याला हात टेकायला माणूस हवा होता, तेव्हा त्यानं काकूला भावाला घेऊन यायला सांगितलं. मुलगा आला. उंच स्टुलावर बसून त्यानं टेबलावर तळवा ठेवला. यंत्र सुरू झालं, टेबल थरथरलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला माझे निळे दिवस आठवले. लंबूनं 'जाणवलं' असं लिहिलं आणि यंत्र बंद करून पुढच्या फळीकडे वळला.

मुलानं वळून बहिणीकडे बघितलं. ती पलीकडच्या टेबलाशी लोलकाचे हेलकावे मोजत होती. मध्येच मान वर केली असती तर मोजणी चुकली असती, मग सगळं पहिल्यापासून. त्यानं टेबलावर थाप मारली. मग दुसरी. तो तिला बोलावत होता. टेबलं वेगळी होती, त्यामुळे थरथर तिच्यापर्यंत पोहोचली नाही. आवाज मात्र पोहोचला होता. तिची बोटं घट्ट आवळली गेली, तरी ओठांवरचे आकडे थांबले नाहीत.

मोजणी संपल्यावर ती त्याच्याकडे धावली. तोवर त्यानं हात मांडीवर घेतले होते.

लंबूला चांगले गुण मिळाले, काकूलाही मिळाले. सुट्टी संपली आणि भाऊ शाळेला गेला. फळी बसलीच नाही. पुढे शिकायचा अर्ज काकूनं भरला नाही. मावशींनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता काही मोजावंसं वाटत नाही." ती पुन्हा कधी प्रयोगशाळेत आली नाही.

आता चिठ्ठ्या नाहीत. संगणकच विषय वाटून टाकतो. मी पुन्हा कपाटावर आहे, धुळीनं आंधळी झाले आहे. मला कुणी पुसावं असा माझा हट्ट नाही. मला तुमच्याकडे दुसरंच मागायचं आहे.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही विषय वाटले जातील. ज्यांना राग येईल ते आरडाओरडा करतील, त्यांची काळजी नको. पण कुणीतरी हातातला कागद वाचेल, "ठीक आहे" म्हणेल आणि जागेवर जाऊन बसेल. शाळा सुटल्यावर त्याच्याजवळ जा. त्याला काय करायचं होतं ते विचारा. आणि कुणासाठी, तेही विचारा. त्याच दिवशी जा.