जिना चढून दुसऱ्या देशात

नीलाबाईनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो रेल्वेच्या खिडकीतून. साखऱ्याजवळच्या तांड्यावर सारा जन्म गेलेला. त्या जन्मात तिनं सगळ्यात मोठं पाणी पाहिलं होतं ते येलदरी धरणाचं, आणि त्याची पलीकडची कड तरी दिसायची. इथं पाणी नुसतं पसरतच गेलं होतं.

"मिना, याची पल्याडची कड कुठं गेली गं?"

"लई लांब हाय याडी. इथून न्हाई दिसत," मिना म्हणाली. तांड्यावर आईला याडीच म्हणतात, आणि फ्रान्समध्ये राहूनही मिनाची ती हाक बदलली नव्हती.

मिना तिची धाकटी लेक. शिकत शिकत ती थेट फ्रान्समधल्या नीस नावाच्या शहरात पोचली, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. दोन वर्षं तिला घरी येणं जमलं नाही, म्हणून यंदा तिनं आईलाच बोलावून घेतलं. आज सुट्टी होती, तर आईला शेजारचा देश दाखवायला निघाली होती.

"मोनाको नाव हाय त्याचं. सबंध देश आपल्या साखऱ्याच्या शिवारात मावल, बघ."

लेक थट्टा करून राहिली असं वाटून नीलाबाई गालात हसली.

गाडी बोगद्यात शिरली आणि बोगद्यातच थांबली. स्टेशन डोंगराच्या पोटात होतं. फरशी अशी लखलखीत, की नीलाबाईला चपला काढून हातात घ्याव्यात असं वाटलं. बाहेर आल्यावर उन्हानं तिचे डोळे दिपले. खाली बंदर, त्यात पांढऱ्याशुभ्र बोटी. एकेक बोट तीन मजली. एक माणूस नळीनं बोट धूत होता.

"पान्यातच उभी हाय की ती. धुवून काहून राहिला?"

"समुद्राचं पानी खारं असतंय. ते गोड्या पान्यानं धुवावं लागतं."

नीलाबाई बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिली.

दुपारपर्यंत त्यांनी खडकावरचा राजवाडा पाहिला. पांढऱ्या कपड्यातले शिपाई एका तालात पाय टाकत होते. मग समुद्रातल्या जिवांचं संग्रहालय झालं. तिथं काचेमागून भलामोठा मासा संथपणे समोर आला, नीलाबाईच्या तोंडासमोर थांबला आणि निघून गेला. "त्यानं मला बघितलं," ती हळूच म्हणाली. मग चौकातल्या गाड्या पाहिल्या. इतक्या चकचकीत, की त्यांच्या दारात नीलाबाईला स्वतःचं लुगडं दिसलं. ते तिनं तिथंच नीट केलं.

देश डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वसलेला. एका रस्त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर तिसरा. वर चढायला जागोजागी लिफ्ट आणि आपोआप सरकणारे जिने. नीलाबाईचा जीव त्या जिन्यांवर बसला. आता इथली बाग बघायची होती. त्याआधी मिना पाण्याची बाटली आणायला दुकानात गेली तेव्हा समोरच एक जिना होता. हातात पिशव्या घेतलेल्या बायका त्यावर उभ्या राहून वर जात होत्या. घर सारून शेतावर निघालेल्या बायकांसारख्या दमल्या चेहऱ्याच्या. एवढा चढून बघावा आणि लगेच उतरावं, असं म्हणून नीलाबाईनं पाय टाकला.

वर गेली तर पुढं आणखी एक जिना. त्याच्यावर आणखी एक. शेवटी उघड्या रस्त्यावर आली आणि मागं वळून पाहिलं, तर जिना वरच येत होता. खाली जाणारा कुठं दिसेना. बायका आपापल्या वाटेनं पांगल्या. इथली घरं साधी होती, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते.

आता मात्र तिला कळलं, आपण वाट चुकलो. मोबाईल होता, पण घराबाहेर त्याला नेट नव्हतं. ती आधारासाठी रस्त्याकडेच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि सहज खाली बघितलं.

सगळा देश खाली होता. मघाचा राजवाडा हाताच्या बोटाएवढा. बंदर, बोटी, चौक, त्या गाड्या, एका नजरेत सगळं. आणि त्याच्यापुढं समुद्र, निळा, मग आणखी निळा. वर वर बघत गेलं तरी तो संपेना, आणि कुठं आभाळ सुरू झालं तेही कळेना. नीलाबाईच्या अंगावर काटा आला. आपण वाट चुकलोय हे तिला घडीभर आठवलंच नाही.

पाठीमागून कुणीतरी काही विचारलं. कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानातली बाई होती, कमरेला एप्रन, हाताला कोथिंबिरीचा वास. भाषा कळेना, पण नीलाबाईनं मोबाईल काढून मिनाचा फोटो दाखवला. भाजीवालीनं मान हलवली, नंबर बघितला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. मग फोन नीलाबाईच्या कानाला.

"याडी! कुठं गेली तू? मी इथं रडकुंडीला आले!"

"म्या कुठं न्हाई गेले. नुसता जिना चढले."

भाजीवालीनं फोन घेऊन मिनाला पत्ता सांगितला. मग फोन परत नीलाबाईच्या कानाला. मिनाचा आवाज आता अर्धा रडका, अर्धा हसरा. "याडी, तू दुसऱ्या देशात गेलीस! ते फ्रान्स हाय!"

थोड्या वेळानं मिना धापा टाकत आली. आली तीच तोंडाचा पट्टा सुरू करून. नीलाबाईनं ऐकून घेतलं, तिचा हात धरला आणि कठड्यापाशी नेलं.

"आधी हे बघ. मग रागव."

मिना मोनाकोला कितीतरी वेळा आली होती, पण जिने चढून इथवर कधी आली नव्हती. तीही कठड्यावर वाकली. दोघी तशाच उभ्या राहिल्या. सूर्य कलला आणि बोटींमागच्या पाण्यावर सोनं सांडलं.

"देश केवढासा," नीलाबाई म्हणाली, "अन् आंगन बघ त्याचं."

भाजीवालीनं दोघींच्या हातात एकेक जर्दाळू ठेवला आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत. बाग बघायची राहून गेली. मिनानं पुन्हा तिचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाबाईनं तांड्यावर नवऱ्याला फोन लावला. देविदासनं सगळं ऐकून घेतलं. समुद्र, मासा, गाड्या. जिन्याशी मात्र तो अडकला.

"दुसऱ्या देशात गेली, तर शिवेवर कोनी अडवलं न्हाई?"

"न्हाई."

"तारेचं कुंपन?"

"न्हाई वो. म्या गेले अन् मलाच कळलं न्हाई."

देविदास म्हणाला, "परत सांग. सुरवातीपासून. शेजारच्या सटवाजीलाबी बसवतो हितं."

नीलाबाई पलंगावर मांडी घालून बसली आणि परत सांगू लागली.