कपाटात कोण बसणार?

आमच्या दुकानात कपाट तयार झालं की ठसा मारणाऱ्याने त्यात बसायचं, ही पद्धत आजोबांच्या काळापासूनची. आतल्या फळ्या काढायच्या, उकिडवं बसायचं, बाहेरच्याने दारं लावून कडी घालायची आणि आतल्याने बघायचं, कुठून उजेड येतो. "जिथून उजेड येतो तिथून धूळ येते, धुळीमागून झुरळ येतं, आणि झुरळामागून गिऱ्हाईक येतं भांडायला," असं काका म्हणतात. आत बसून झालं की ते बाहेर येणार, "चोख!" म्हणणार आणि दाराच्या आतल्या बाजूवर दुकानाचा लोखंडी ठसा मारणार.

पण आता त्यांचा हात थरथरतो. ठसा वाकडा पडायला लागला तेव्हा त्यांनीच ठरवलं, की तो पुढच्या पिढीकडे द्यायचा. पुढची पिढी म्हणजे दोनच माणसं: त्यांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, आणि मी, त्यांची पुतणी. ज्याच्या हाती ठसा, त्याच्या शब्दावर दुकान चालणार. कपाटांचे सांधे माझेच सरस असतात. हे मी नाही, दादाच गिऱ्हाइकांना सांगतो.

"पण कपाटात बसायची जिची हिंमत नाही, तिच्या हाती ठसा कसा देऊ?" काका म्हणाले. "एकदा बसून दाखव. ठसा तुझा."

मला बंद जागेची भीती वाटते. हे मोठ्याने सांगते, कारण कुजबुजत सांगायचा कंटाळा आलाय. आंघोळीला जाताना मी कडी लावत नाही. कोणी दार लोटू नये म्हणून आत मोठमोठ्याने गाते. माझा आवाज फुटक्या भोंग्यासारखा आहे, त्यामुळे माझ्या आंघोळीचा त्रास अख्ख्या घराला होतो. लिफ्ट दिसली की मला एकदम व्यायामाची आवड निर्माण होते. कुठल्याही खोलीत शिरले की आधी दार बघते, मग माणसं. दार बंद झालं की छाती आवळते, हातांना घाम फुटतो आणि आपण आत्ता इथेच मरणार याची खात्री पटते. मरणार नाही हे माहीत असतं. माहीत असून उपयोग काय? कळतं पण वळत नाही.

लोकांना यामागे एक गोष्ट हवी असते. लहानपणी कोणी कोंडलं होतं का? कुठे अडकली होतीस का? नाही हो. कोंडलं नाही, अडकले नाही, काहीसुद्धा झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याला भयगंड म्हणतात. वर म्हणाल्या, "धोका खोटा असतो, भीती खरी असते." उपायही सांगितला. थोडं थोडं सवयीचं करायचं, पण कडी आपल्या हातात हवी. दुसऱ्याने घातली की ते कोंडणंच. मी जाते त्यांच्याकडे. परवा जिन्याखालच्या अडगळीत दार अर्धं लोटून उभी राहिले. अर्धं! मला त्याचा अभिमान आहे.

आमच्या काकू पाल दिसली की स्वयंपाकघर सोडतात, आणि तिला कोणी हुसकून लावेपर्यंत घराला जेवण मिळत नाही. दादा इंजेक्शनची सुई बघूनच आडवा होतो. त्यांच्याबद्दल घरात म्हणतात, "असतं एकेकाचं." आणि मला काय म्हणतात? भित्री भागूबाई.

तर त्या दुपारी मी माझ्या नव्या कपाटात अर्धी आत वाकून फळीखालची पट्टी ठोकत होते. दादाला काय सुचलं कोण जाणे. त्याने मागून मला आत लोटलं, दारं लावली आणि कडी घातली.

"तुझ्याच भल्यासाठी गं!" बाहेरून आवाज आला. "एकदा भीती मोडली की संपलं. शंभरपर्यंत मोज फक्त!"

मी काहीही मोजलं नाही. श्वास आत जाईना, बाहेर येईना. हातात हातोडी होती, एवढंच आठवतंय. कपाटाच्या पाठीचा प्लाय फोडून मी बाहेर पडले. आधी हात, मग डोकं, मग उरलेली मी. कोपर सोलवटलं होतं आणि केसांत भुसा होता.

काका धावत आले. "अगं, कपाट फोडलंस?"

"फोडलं. पुन्हा कोंडलंत तर पुन्हा फोडीन. याला माझी भीती मोडायची होती, मोडलं ते कपाट!"

दादा पांढराफटक पडला होता. "मला वाटलं, की..."

"तू झोपलास की मी सुई खुपसू का तुला? तुझ्याच भल्यासाठी?"

तो वाकून प्लायचे तुकडे गोळा करायला लागला. काका मात्र शांतपणे म्हणाले, "म्हणजे ठसा नको तुला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रडूही आलं, आणि मी ते लपवलं नाही. रडत रडतच ओरडले, "हवाय! मला ठसा हवाय, आणि कामावर हवाय. काका, कपाटात कपडे राहणार आहेत की मी? आपल्याला फट शोधायचीय ना? मग फट शोधा. माझी हिंमत कशाला शोधताय?"

"आत बसल्याशिवाय फट दिसते होय?"

"अंधार पडू द्या. दाखवते."

संध्याकाळपर्यंत मी पाठीला नवा प्लाय बसवला. दादा न सांगता खिळे देत राहिला. अंधार पडल्यावर दुकानातले दिवे मालवले. शटर वरच राहू दिलं. ते खाली ओढलं असतं तर सगळ्यांत आधी मीच पळाले असते. कपाटात चार्जिंगचा दिवा ठेवला, दारं मी लावली, कडी मी घातली. आत उजेड, बाहेर काळोख. फट असेल तिथून उजेड आपणच बाहेर येणार होता.

आम्ही तिघं कपाटाभोवती फिरलो. मागे, अगदी तळाशी, एक बारीक रेघ चमकत होती.

"इथे बघ," दादा वाकून म्हणाला. "ही आत बसून दिसलीच नसती. बसणाऱ्याच्या बुडाखाली येते."

मी ती फट तिथल्या तिथे बुजवली. मग दादा आपणहून म्हणाला, "आता माझंही बघ." त्याचं कपाट सकाळीच काकांनी आत बसून पास केलं होतं. ठसाही मारला होता. मी दिवा आत ठेवला, दारं लावली, आणि बिजागरीच्या बाजूने वरपासून खालपर्यंत उजेडाची पट्टी उभी राहिली. आंधळ्यालाही दिसावी अशी.

"बाबा," दादा म्हणाला, "सकाळी तुम्ही आत बसला होतात ना?"

काका स्टुलावर बसले. 

"बसलो होतो," ते म्हणाले. "पण आत मी डोळे उघडत नाही. कधीच उघडले नाहीत. दार लागलं की मिटतात आपोआप. आधी बोटांनी सांधे चाचपून घेतो, मग आत जीव मुठीत धरून बसतो आणि चोख म्हणत बाहेर येतो. हल्ली बोटांनाही नीट कळत नाही." त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "माझे वडीलही घामाघूम होऊन बाहेर यायचे. मला वाटायचं, आत उकडत असेल."

मला हसावं की त्या स्टुलाला लाथ मारावी, कळेना. "मग मला का बसवायला निघाला होतात?"

"आम्ही बसलो म्हणून."

एवढंच कारण! मी उठले आणि खिळ्यावरचा ठसा काढून घेतला. मागितला नाही. "आजपासून कपाटात कोणीही बसायचं नाही," मी म्हणाले. "मी नाही, दादा नाही. आणि काका, तुम्हीसुद्धा नाही."

दादाने मान डोलावली. काकांनी सोडलेला श्वास मला त्या काळोखात ऐकू आला. "बरं झालं बाई," ते पुटपुटले, आणि दादाची बिजागरी कशी बसवायची यावरून लगेच त्याच्यावर खेकसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत होते, तेवढ्यात न्हाणीघरातून जोरजोरात गाणं ऐकू यायला लागलं. काकू दचकून माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी तर त्यांच्या समोर बसले होते. न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. काकांचा आवाज माझ्यापेक्षाही वाईट आहे.