बुजवलेली बाव

धोंडूने सावित्रीला पहिल्यांदा मारलं ते तुरीच्या डाळीवरून.

तोपर्यंत त्या घरात डाळीवरून कधी आवाज चढला नव्हता. पण साठ-एकसष्टच्या सुमारास खाडीकाठच्या त्या छोट्या शहरात नळ आला, आणि बाजारपेठेत किराणा मालाचं दुकान चालवणाऱ्या धोंडूने तो सगळ्यांच्या आधी घरात घेतला. थेट स्वयंपाकघरात. पहिले काही दिवस आळीतल्या बायका नुसती तोटी बघायला येत, तेव्हा धोंडू मुद्दाम दुकानातून घरी येऊन ती सोडून दाखवी.

परसात बाव होती, गोड्या पाण्याची विहीर. बापाच्या वेळची, चिऱ्यांनी बांधलेली, वेगळ्या चुली मांडलेल्या दोघा भावांची सामाईक. धाकटा लवू मंगलोरी कौलं वाहणाऱ्या गलबतावर तांडेल होता. दिवाळीनंतर गेला की वैशाखातच घरी यायचा. तो समुद्रावर असताना धोंडूने त्या बावीत चिऱ्यांचे तुकडे, राख, माती ओतून ती बुजवली आणि वर नारळाची वखार बांधली.

"दादानू, ह्यांका तरी येवंदेत," लवूची बायको नर्मदा म्हणाली होती.

"नळ इलो ना घरात? आता बाव कित्याक होई?" धोंडू म्हणाला, आणि तिच्यासमोरच रहाट उपटून काढला.

शिमग्यानंतर नळाचं पाणी बदललं. शहराला पाणी पुरवायची विहीर खाडीला लागून खणली होती. उन्हं वाढली, विहिरीचं पाणी खाली गेलं आणि खाडीचं पाणी तिच्यात झिरपू लागलं. चहा मचूळ लागे. साबण घासून घासून झिजे, पण फेस येत नसे. तपेल्यांच्या आत पांढरा थर धरे, तो नखाने निघत नसे. आणि डाळ. सकाळी चढवलेली डाळ दुपारपर्यंत रटरटत राही, तरी दाणा दाताखाली कचकन वाजे.

"डाळ शिजणा नाय, पाण्याचा दोष आसा," सावित्री ताट वाढताना म्हणाली.

धोंडूने ताट भिरकावलं आणि तिच्या कानशिलात मारली. "नळाक नाव ठेवतंस? हात चलणत नाय ते सांग!"

पाण्याला दोष दिला की आळीचं हसू त्याच्यावर येत होतं. बाव कोणी बुजवली ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तो बायकोला मारी. आधी हाताने, मग पायताणाने, आणि एकदा चुलीतल्या लाकडाने. तिच्या दंडावर त्याचा चट्टा उठला. नर्मदा देवळाच्या बावीवरून दोन कळश्या आणी, त्यातलं थोडं पाणी जावेला देई. धोंडूच्या ते लक्षात आलं तेव्हा त्याने ती कळशी दगडावर आपटून चेपून टाकली.

वैशाखात लवू परतला. सामान ओटीवर ठेवून तो पाय धुवायला परसात गेला, आणि तसाच उभा राहिला. बावीच्या जागी भिंत होती.

"कोणी केल्यान ह्या?" त्याने बायकोला विचारलं. ती बोलायच्या आत त्याने कुदळ घेतली आणि वखारीच्या भिंतीवर घाव घालायला सुरुवात केली. पहिले चिरे निखळले, नारळ घरंगळत बाहेर आले.

कोणीतरी दुकानात धावत जाऊन सांगितलं. धोंडू आला तो हातात पहार घेऊनच.

"माझी वखार फोडतंस?"

"बापाशीची बाव बुजवताना माका इचारलंस?" लवू वळला. "भावाच्या तोंडचा पाणी मातयेत घातलंस तू!"

त्याने कुदळ उचललीही नव्हती. पहार त्याच्या उजव्या कोपरावर बसली. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. लवू ओरडला आणि गुडघ्यावर आला. दुसरा घाव डोक्याच्या बाजूला लागला. तो नारळांच्या ढिगावर आडवा झाला आणि त्याच्या कानातून रक्त वाहू लागलं. नर्मदा किंचाळत त्याच्या अंगावर पडली. धोंडूने तिच्या केसांना धरून तिला बाजूला ओढलं आणि पहार तिसऱ्यांदा वर नेली.

सावित्री मागच्या दारात उभी होती. धोंडूचे डोळे तिने पाहिले आणि तिला कळलं, आता हा थांबणार नाही. ती आत वळली. चुलीवर डाळीचं तपेलं उकळत होतं. तिने ते नुसत्या हातांनी उचललं, धावत आली आणि नवऱ्याच्या पाठीवर ओतलं.

पहार खाली पडली. धोंडू गुरासारखा हंबरत मातीत लोळला. सदरा पाठीला चिकटला होता. तो ओढून काढताना सदऱ्याबरोबर कातडी आली. सावित्रीच्या दोन्ही तळव्यांवर फोड उठले होते, पण तपेलं अजून तिच्या हातातच होतं.

फौजदार आला तोवर आळीतल्या वडीलधाऱ्यांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. लवू वखारीच्या छपरावरून पडला, धोंडूच्या अंगावर चुकून तपेलं कलंडलं. "घरातला घरात ऱ्हवांदे," असं सावित्रीला तिच्या मामेसासऱ्याने, दाजींनी, बजावलं. "घोव तुरुंगात गेलो तर तुका कोण पोसतलो?"

फौजदार तिच्यासमोर खुर्ची टाकून बसला. "बाई, काय झालं ते सांगा."

सावित्रीचे हात केळीच्या पानात गुंडाळलेले होते. तिने दाजींकडे पाहिलं नाही. शाळेत चौथीपर्यंत शिकलेली भाषा आठवत ती सावकाश बोलली.

"माझ्या नवऱ्याने भावाला पहारीने मारलं. दोनदा. मी बघितलं. तिसऱ्यांदा मारणार होते, म्हणून मी कढत डाळ त्यांच्या अंगावर ओतली. मुद्दाम ओतली. तेही लिहा."

दाजी उठून निघून गेले.

लवू जगला. एका कानाने त्याला ऐकू येईना आणि उजवा हात कोपरात कायमचा वाकडा राहिला; गलबतावरचं काम सुटलं. धोंडूला शिक्षा झाली. सावित्रीला न्यायाधीशांनी सोडून दिलं, पण माहेरच्यांनी तिला दारात उभं केलं नाही. ती नर्मदेच्या चुलीवरचं जेवू लागली.

पाऊस सरल्यावर दोघी जावांनी उरलेली वखार पाडून बाव उपसायला घेतली. खाली दोन गडी खणत, वर ह्या दोघी दोर ओढत, आणि काठावर बसून लवू डाव्या हाताने पाट्या रिकाम्या करी. सावित्रीच्या तळव्यांची नवी कातडी दोराने पुन्हा पुन्हा फाटे. तळाशी ओल लागली, मग गढूळ पाणी, आणि थंडीत एका सकाळी पाणी निवळलं. नर्मदेने ओंजळभर पिऊन पाहिलं आणि ती तिथेच बसून मोठमोठ्याने रडली.

शिक्षा भोगून धोंडू आला तेव्हा तो वाळून गेला होता. परसात येऊन तो सावित्रीसमोर उभा राहिला. "माझ्यार कढत ओतलंस. आणि वर साक्ष दिलंस."

"दिलंय," ती म्हणाली.

त्याचा हात वर गेला. सावित्री हलली नाही. ओटीवरून लवू उठला, पण तो पोचायच्या आत धोंडूने हात आपणच खाली घेतला. तो दुकानात राहायला गेला आणि पुन्हा त्या घरात आला नाही.

दुकानातल्या नळाला तेच मचूळ पाणी होतं. एका उन्हाळ्यात तो खाटेवर पडून असल्याचं कानावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रीला दिसलं की नर्मदा भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाजाराकडे निघाली आहे.

"तेका दितंस?" सावित्री तिच्या वाटेत उभी राहिली. "तुझ्या घोवाचो हात मोडल्यान तेणी! कित्या दितंस?"

नर्मदेने कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. "पाणी नाय म्हणूक माका येणा नाय, वयनी. तुमका जेवाण देवचा नसात तर देव नकात."

ती रोज दुकानाच्या पायरीवर कळशी ठेवून येई, एक शब्दही न बोलता. जेवण मात्र सावित्रीने कधीच धाडलं नाही.