थंड खोलीतला पीएच

वेनिंगचं एंझाइम आमच्या प्रयोगशाळेत थट्टेचा विषय झालं होतं. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, त्यांच्या बुरशीतून तिने ते पावसाळाभर खपून वेगळं काढलं होतं. थंड खोलीत ठेवलं की ते नासलेल्या दुधासारखं फुटायचं. नळी घेऊन ती आमच्या प्राध्यापिका बू हार्तिनींकडे, म्हणजे हार्तिनीबाईंकडे, धावत यायची, तोवर बाहेरच्या उकाड्यात नळी पुन्हा नितळ व्हायची. बू बघणार काय?

"आधी हात स्वच्छ ठेव, मग मला बोलव," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. शुक्रवारी सकाळपर्यंत एंझाइम थंडीत टिकलं नाही, तर विषय बदलायचा असंही बजावलं. म्हणजे पोरीची सगळी मेहनत पाण्यात. बाहेर ठेवावं, तर योग्यकार्ताच्या हवेत ते संध्याकाळपर्यंत मरायचं.

मला संताप आला. वेनिंगसारखा स्वच्छ हात आमच्याकडे दुसरा नाही, माझा तर नाहीच. पण ती पडली सोलोची, जावातल्या त्या अदबशीर शहरातली. मोठ्यांनी खडसावलं की मान खाली घालायची, एवढंच तिला ठाऊक.

गुरुवारी जेवताना मात्र ती घास हातातच धरून बसली होती.

"म्बाक," ती म्हणाली; ताईला ती म्बाक म्हणते. "नळी तीच, हात तोच. आत आणि बाहेर यात फरक फक्त थंडीचा आहे. मग एंझाइम ज्यात ठेवतो त्या बफरचा पीएच थंडीत मोजायला नको का?"

"बफरच्या बाटलीवर बूंच्या अक्षरात साडेसात लिहिलंय," मी म्हणाले. "कुणाच्या बाटलीवर संशय घेतेयस, कळतंय ना?"

"लिहिलंय खरं, पण बाहेर मोजून लिहिलंय."

बफर म्हणजे घरातली समजूतदार मावशी. आम्ल पडो की आम्लारी, ती पीएच फारसा हलू देत नाही. पण थंडीनेच मावशीचा तोल गेला तर? हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण पीएच मीटर आपल्या टेबलावरून कधी हललंच नव्हतं. दमट थंडीत ते बिघडेल म्हणून बूंची सक्त ताकीद होती.

वेनिंग उठली आणि थेट बूंसमोर जाऊन उभी राहिली. मीटर आत न्यायची परवानगी तिने इतक्या हळू मागितली की बूंनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "ने. मीही येते."

आत तिने आधी थंड केलेल्या प्रमाण द्रावणांत मीटर नीट लावून घेतलं, म्हणजे नंतर कुणी खोट काढायला नको. मग ते बफरमध्ये बुडवलं. आकडे चढत चढत ८.२ वर थांबले.

"याच पीएचला माझ्या एंझाइमवरचे अधिक आणि उणे भार सारखे होतात, बू," वेनिंग म्हणाली. "कण एकमेकांना दूर लोटत नाहीत. गोळा होऊन खाली बसतात."

बूंनी वाकून आकडा पुन्हा वाचला. "ट्रिस बफरचा पीएच थंडीत चढतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते," त्या म्हणाल्या. "आणि बाटली भरताना विसरले."

वेनिंगने तिथेच, बोटं बधिर होईस्तोवर, थेंब थेंब आम्ल घालून पीएच साडेसातवर आणला आणि एंझाइम त्या बफरमध्ये घेतलं.

शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा बू थंड खोलीच्या दाराशी आधीच उभ्या होत्या. वेनिंगने नळी दिव्यासमोर धरली. नितळ! पण नुसतं नितळ असून भागत नाही, जिवंत हवं. तिने एक थेंब चाचणीच्या द्रावणात टाकला आणि बघता बघता हळदीसारखा पिवळा रंग चढला. इतका गडद आम्ही कधीच पाहिला नव्हता. मी टाळ्या पिटल्या, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

"विषय तुझाच," बू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चूक माझी होती."

वेनिंगने या वेळी मान खाली घातली नाही. "मग बू, मीटर मला आठवडाभर आत लागेल."

बूंनी स्वतः वायर गुंडाळली, मीटर दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या मागोमाग आत गेल्या.