करंगळीला कोमट

पिनरच्या सुप्रभाताई गद्र्यांच्या उजव्या करंगळीला इंग्लंडातली सगळी थर्मामीटरं वचकून असत. दुधात ती करंगळी बुडवून त्या "कोमट झालं" म्हणाल्या, की दुधाला दही होण्यावाचून गत्यंतर नसे. ज्या हिवाळ्यात दारातल्या दुधाच्या बाटल्या गोठून फुटल्या, त्या हिवाळ्यातही गद्र्यांच्या घरी, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, दही असं लागलं होतं की सुप्रभाताईंनी पातेलं उलटं धरून जिन्यावरून खाली आणलं, तरी थेंब सांडला नाही. पुढे एकदा बॉयलर तपासायला आलेल्या गोऱ्याच्या यंत्रात आणि या करंगळीत फरक पडला, तर तो बिचारा दुसऱ्या दिवशी यंत्र बदलून घेऊन आला. मंडळाच्या गणपतीत तरी ही गोष्ट अशीच सांगतात.

म्हणूनच त्या दिवशी यशोधनरावांनी थर्मामीटर खोक्यातच राहू दिलं.

यशोधनराव म्हणजे सुप्रभाताईंचे यजमान. भुलीचे डॉक्टर. सगळी हयात इथल्या इस्पितळांत माणसं झोपवण्यात गेली. "झोपवणं काय, कुठलंही भाषण झोपवतं," ते म्हणायचे, "उठवणं हे माझं काम. झोपवलेला एकही माझ्याकडून उठल्याशिवाय राहिला नाही." असं सांगणारा हा माणूस फेब्रुवारीपासून गप्प होता. फेब्रुवारीत त्यांचा एकुलता एक मुलगा क्षितिज मेडनहेडच्या स्टेशनवर सकाळच्या ट्रेनची वाट पाहताना बाकावर बसला आणि तिथेच संपला. बापाला फोन आला तेव्हा उठवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

क्षितिजला घरी बिअर करायचा नाद होता. गव्हाची बिअर. बाटली उघडली की पिकलेल्या केळ्याचा वास घरभर. यशोधनरावांनी बिअर कधी तोंडाला लावली नव्हती. लांबूनच हुंगून ते म्हणायचे, "बिअर आहे की शिकरण रे?"

"बाबा, एकदा माझ्याबरोबर करून तर बघा. यीस्ट फ्रिजमध्ये झोपलेलं असतं, ते उठवायचं. तुमचंच डिपार्टमेंट!"

"बघू. पुढच्या बँक हॉलिडेला."

किती बँक हॉलिडे आले आणि गेले. एकदा गवत कापायचं होतं, एकदा पाऊस होता, एकदा तर नुसताच कंटाळा.

एप्रिलमध्ये ईरा आली. ईरा म्हणजे क्षितिजची बायको. इथलाच जन्म, त्यामुळे तिचं मराठी थोडं लंगडत चालायचं. गाडीच्या डिकीतून तिने एक मोठी पांढरी बादली आणि खोकं काढलं, आणि टॉवेलात गुंडाळलेला एक जार.

"बाबा, गॅरेज रिकामा करतेय मी. पण हे माझ्याच्याने फेकवत नाही. हा त्याच्या लास्ट बॅचचा यीस्ट आहे. बादलीच्या बॉटममधून काढून ठेवायचा तो, नेक्स्ट टाइमसाठी."

"म्हणजे विरजण," सुप्रभाताई म्हणाल्या.

"हो आई. अजून अलाइव्ह असणार बहुतेक."

सुप्रभाताईंनी जार दोन्ही हातांत घेतला. तळाशी सायीसारखा थर होता, वर पिवळसर पाणी. घरातलं दुसरं काहीही आता क्षितिजच्या हातचं जिवंत नव्हतं. त्यांनी तो फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवला आणि ऑगस्टमधल्या त्याच्या वाढदिवसासाठी बिअर करायचीच, असं ठरवून टाकलं. बिअरमधलं ओ की ठो कळत नसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी.

खोक्यात सगळं होतं. माल्टच्या काकवीचा डबा उकळत्या पाण्यात विरघळवायचा, वर नळाचं गार पाणी ओतून बादली भरायची, की झालं. पण यशोधनराव ऑपरेशन थिएटरात वाढलेले. "नळाचं कच्चं पाणी? आणि क्षितिजच्या यीस्टला?" त्यांनी बादलीभर पाणी उकळून घेतलं. चारही शेगड्यांवर पातेली चढली, किचनच्या खिडक्यांवरून पाणी ओघळलं. भिंतीवरचा कागद त्या दिवशी सुटला तो अजून तसाच लोंबतो आहे. हात कोपरापर्यंत धुऊन झाले. मग ते बादलीपाशी उभे राहिले, आणि चहा होऊन गेला, जेवण होऊन गेलं, तरी बादली काही निवेना.

शेवटी सुप्रभाताई आल्या, करंगळी बुडवली, थांबल्या.

"झालं कोमट. घाला."

यशोधनरावांनी जार उघडला. केळ्याचा वास आला आणि दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. साय आत गेली. झाकण लागलं. सुप्रभाताईंनी बादलीला गोधडी गुंडाळली आणि कपाटात, दह्याच्या जागी, बसवली.

झाकणावर एक वाकडी नळी असते, तिच्यात घोटभर पाणी. आत यीस्ट जागं झालं की त्या पाण्यातून बुडबुडा येतो, 'डुबुक्' करून. क्षितिज म्हणायचा, बादली बोलते.

बादली बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. सुप्रभाताई जाता-येता कपाट उघडून कान लावायच्या. "थकलं असेल," म्हणायच्या, "एवढे दिवस गारठ्यात." एकदा यशोधनरावांनी त्यांना बादलीवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणताना ऐकलं, "ऊठ रे राजा." ते उलट्या पावली जिना उतरले.

त्या संध्याकाळी सुप्रभाताईंनी नेहमीप्रमाणे दूध विरजायला घेतलं, करंगळी बुडवली, कोमट म्हणाल्या आणि विरजण आणायला वळल्या. तेवढ्यात यशोधनरावांनी खोक्यातलं थर्मामीटर दुधात घातलं. पारा पन्नासाच्या वर गेला. जन्मभर चिमट्याशिवाय फुलके उलटून ती करंगळी कधीच बधिर झाली होती. दुधाचं पातेलं लहान, पटकन निवतं, म्हणून दही वाचत होतं. एवढ्या चटक्याने यीस्ट मरतं; बादलीला कोण वाचवणार? त्यातून सगळं पाणी उकळलेलं, वर गोधडी.

आणि त्या दिवशी भुलीचा डॉक्टर शेजारी उभा होता, हातात थर्मामीटर न घेता.

ते बायकोला काही बोलले नाहीत. सुप्रभाताई भजनाला गेल्या तशी त्यांनी बस धरली, हॅरोच्या दुकानातून यीस्टचं पाकीट आणलं, मिळालं ते, आणि बादलीत रिकामं केलं. पाकीट शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. जन्मभर पेशंटांना "काही होणार नाही" म्हणून सांगितलेलं सोडलं, तर त्यांनी केलेली ही पहिली लबाडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून हाक आली. "अहो! अहो, लवकर या! बोलला!"

डुबुक्. थोडं थांबून, पुन्हा डुबुक्. सुप्रभाताई कपाटापुढे जमिनीवर बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. यशोधनराव त्यांच्या शेजारी बसले. पुढे बादली अशी काही बडबडली म्हणे, की शेजारच्या मांजराने घर बदललं. पण त्या सकाळी ते दोघं नुसते ऐकत राहिले, आणि यशोधनरावांना प्रत्येक डुबुक् सुईसारखं टोचत होतं.

बाटल्या भरताना त्यांनी हुंगून पाहिलं. पावाचा, थोडा कडवट वास. केळं नाही. पाकिटातलं यीस्ट वेगळ्या जातीचं, त्याला केळ्याचं काय? आता मात्र त्यांचं धाबं दणाणलं. सुप्रभाला वास लक्षात नसेल कदाचित. ईराला असणार. पहिला घोट घेऊन ती म्हणेल, हे त्याचं नाही. आणि सुप्रभाच्या हातून तो दुसऱ्यांदा जाईल.

ऑगस्टमध्ये ईरा आली. तिघं टेबलाशी बसली. फोटोला हार घालून झाला होता. यशोधनरावांनी बाटली उघडली, तीन ग्लासांत ओतली.

"थांबा," सुप्रभाताई म्हणाल्या. किचनमधून त्यांनी एक मोठा वाडगा आणला आणि बरोबर ग्लासांच्या मधे ठेवला.

शिकरण. काळ्या सालीची, पार पिकलेली केळी कुस्करलेली. टेबलभर वास पसरला.

यशोधनरावांना डायबेटिस झाल्यापासून या घरात शिकरण झालेलं नव्हतं.

ईराने ग्लास उचलला, घोट घेतला. तोंडात तसाच धरून ठेवला. तिने वाडग्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"येतोय ना गं वास?" सुप्रभाताईंनी विचारलं.

"येतोय, आई," ईरा म्हणाली. डोळे पुसत म्हणाली. "सेम. अगदी सेम त्याच्यासारखी."

"आणि तुम्ही हो? घ्या की. एवढी वर्षं नाकं मुरडलीत."

यशोधनरावांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला. कडू होता.

ईरा ग्लास घेऊन बागेत गेली. तिची पाठ खिडकीतून दिसत होती, बराच वेळ हलणारी. यशोधनरावांनी सुप्रभाताईंचा उजवा हात ओढून घेतला आणि जुन्या सवयीने, भूल चढली की नाही हे बघतात तसा, करंगळीच्या टोकाला चिमटा काढला.

"कळतंय?"

"नाही."

त्यांनी जोरात काढला. सुप्रभाताई वाडग्याकडे बघत होत्या.

"त्या दिवशीही नव्हतं कळलं," त्या म्हणाल्या. "कोमट आपलं सवयीने म्हटलं मी."

यशोधनरावांनी करंगळी सोडली नाही. डाव्या हातानेच वाडगा जवळ ओढून त्यांनी शिकरण खायला घेतलं.