मनाईचा रकाना

हुल्करच्या बापाला तिकडे माहेरी, रिश्तोनमध्ये, हृदयविकाराचा दुसरा झटका आला, त्याच सकाळी तिच्या सासूकडे, रिसोलतबाईंकडे, महिन्याच्या बैठकीच्या बारा बायका जेवायला यायच्या होत्या. सासरा म्हणाला, जाऊ दे तिला. नवरा रशियात बांधकामावर, तोही फोनवर म्हणाला, जा. शेजाऱ्याने गाडी दारात आणून उभी केली. पण सासूचा होकार न घेता सून माहेरी गेली, असं कोकंद शहरातल्या त्या गल्लीत कधी घडलं नव्हतं.

"मग तंदूरमध्ये मांसाचे सामसे कोण लावणार? मी?" रिसोलतबाई म्हणाल्या. "पाहुण्या जेवून जाऊ देत, मग खुशाल जा. बाप काय पळून चाललाय का तुझा?"

बाप दुपारीच गेला. हुल्कर पोचली तोवर पुरुषांनी मयत उचललं होतं. पोरीला बापाचं तोंडसुद्धा दिसलं नाही. इकडे पाहुण्या सामशांची तारीफ करत तृप्त होऊन घरी गेल्या, हेही सांगायला हवं.

हुल्करने चाळीस दिवसांचा दुखवटा पाळला. एक्केचाळिसाव्या दिवशी ती बैठकीच्या खोलीतल्या संगणकासमोर बसली. लग्नाआधी तीन वर्षं ती शाळेत संगणक शिकवायची. घरातला हा संगणक तिनेच लावलेला, प्रत्येकाचं खातं तिनेच उघडलेलं, सगळ्यांवरचा ताबा तिच्याकडे. रिसोलतबाईंच्या लेखी त्या यंत्रात एकच गोष्ट होती, जावलोनचं फोल्डर. जावलोन त्यांचा धाकटा. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याने स्वतःचे काढलेले सत्तर-ऐंशी व्हिडिओ तेवढे उरले होते. रोज संध्याकाळचा नमाज झाला की बाई ते बघत बसायच्या.

हुल्करने फोल्डरचं सुरक्षेचं पान उघडलं. सासूच्या नावासमोर दोन रकाने होते, मुभा आणि मनाई. मुभेत आधीच खूण होती. तिने मनाईत खूण केली. यंत्राने विचारलं : मनाई मुभेवर वरचढ ठरते, पुढे जायचं? हा नियम तिने पोरांना फळ्यावर लिहून शिकवला होता : दहा ठिकाणी हो असू द्या, एका ठिकाणी नाही असलं की नाहीच. तेव्हा तो तिला नुसता नियम वाटला होता. तिने 'होय' दाबलं.

"सुनबाई, अगं हे उघडत का नाही?"

"परवानगी नाही म्हणतंय, आई."

"कुणाची परवानगी? माझं पोर आहे ते!"

"यंत्राला काय कळतंय? उद्या बघते."

उद्याचा परवा झाला, परवाचा पंधरवडा. रिसोलतबाई सुनेच्या नाकदुऱ्या काढू लागल्या. ताटातला मांसाचा मोठा तुकडा तिच्याकडे सरकवू लागल्या. "दमली असशील, पोरी, भांडी राहू दे." चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात, हुल्करला चारावर थांबायचं नव्हतं. एके दिवशी तिने थोडी ढील दिली. फाइलींची नावं दिसतील, पण एकही उघडणार नाही, असं करून ठेवलं. बाई चष्मा लावून नावं वाचत बसल्या. "जावलोन जर्दाळूच्या झाडावर. जावलोन आईला चिडवतो." प्रत्येक नावावर टिचकी, प्रत्येक टिचकीला नकार. हुल्कर दारातून बघत होती. तिला बरं वाटलं. लाज वाटेल म्हणून ती थोडी थांबलीसुद्धा, पण लाज काही वाटली नाही.

एका दुपारी बाई शेजारी गेलेल्या बघून तिने स्वतःच्या खात्यातून 'आईला चिडवतो' उघडलं. सासूला नेमकं काय हवंय ते तिला बघायचं होतं. पोरगा खिदळत म्हणत होता, "आई, तुझा भात पुन्हा करपला!" मागे धप्पकन काही पडलं. रिसोलतबाई दारात उभ्या होत्या. हातातल्या रोट्या जमिनीवर पडल्या होत्या आणि त्यांनी त्या उचलल्याही नाहीत.

हुल्करने व्हिडिओ बंद केला.

"तुझं उघडतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग माझंच नाव काढलंस तू."

"काढलं नाही. नाव आहे. त्यापुढे 'नाही' असं लिहिलंय."

आता आरडाओरडा होईल, सासऱ्यापर्यंत जाईल, रशियाला फोन होईल, या सगळ्याची तयारी हुल्करने ठेवली होती. पण बाई भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. सुनेच्या पायाशी, जमिनीवर.

"तुझ्या बापाच्या वेळी मी चुकले, पोरी. सामसे मीही लावू शकले असते. बायकांसमोर सून मिरवायची होती मला. बाकी काही नव्हतं." त्यांनी डोळे पुसले. "पोराचा आवाज विसरत चाललेय गं मी. आत्ता ऐकला तेव्हा कळलं, मला वेगळाच आठवत होता."

हेच ऐकायला हुल्कर इतके दिवस थांबली होती. तिने सुरक्षेचं पान उघडलं. मनाईतली खूण समोर होती, एका टिचकीचं काम. बाईंनी मान वर केली, पडद्याकडे नाही, सुनेच्या बोटाकडे.

बापाचं तोंड कुठल्या फोल्डरमध्ये नव्हतं.

तिने पान मिटलं, खात्यातून बाहेर पडली, संगणक बंद केला.

"बघते, आई," ती म्हणाली, आणि पडलेल्या रोट्या एकेक करून उचलायला लागली.