अंगणातला अर्धा एकर

देवानंद सरांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण मुबारकने आपल्या पाइप-स्प्रिंकलरच्या दुकानात "किती क्षेत्र, सर?" असं विचारलं तेव्हा ते सरळ खोटं बोलले.

"अर्धा एकर."

खरं तर त्यांच्या अंगणातलं लॉन बारा बाय पंधरा फूट होतं. पण त्यांच्या आधीच्या गिऱ्हाइकाने सात एकर हरभरा सांगितला होता, त्याच्या आधीच्याने चार एकर मोसंबी. त्यानंतर फुटात बोलायची सरांची हिंमत झाली नाही. अर्धा एकर हा त्यांच्या मते विनय होता.

मुबारक सरांचाच विद्यार्थी. आठवीत क्षेत्रफळाच्या पेपरात त्याने शंभरपैकी अकरा मार्क मिळवले होते. त्याने अदबीने पितळी तोंडाचा, तिवईवर उभा राहणारा स्प्रिंकलर काढून दिला. "चाळीस फूट फेकतो. बिनधास्त लावा."

लॉन हौसेचं नव्हतं. सरांच्या पत्नी बेबीनंदाबाईंच्या गुडघ्याची वाटी बदलली होती आणि डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी हिरवळीवर अनवाणी चालायला सांगितलं होतं. सरांनी हिरवळ सतरंजीसारखी गुंडाळून आणून अंथरली. पण त्यांचा खांदा धरलेला, बादली उचलवेना. आठ दिवसांत गवताचा ब्रश झाला. बाईंनी एक पाऊल टाकलं आणि खुर्ची गाठली. "ह्याच्यापरीस तारेच्या घासणीवर चालते मी." त्याला तीन आठवडे झाले होते. गुडघा आखडत चालला होता आणि बाई आता स्वयंपाकघरातही खुर्ची ओढत नेत होत्या.

रविवारी सकाळी सरांनी लॉनच्या मधोमध तिवई रोवली, फाटकाजवळचं बोअरच्या मोटरचं बटण दाबलं आणि कौतुकाने जवळ येऊन उभे राहिले.

स्प्रिंकलरने टक-टक केलं आणि कामाला लागला. पाणी लॉनच्या डोक्यावरून गेलं. पहिल्या चकरीत शेजारच्या उषाबाईंच्या गच्चीवरच्या शेवया परत पीठ झाल्या. समोरच्या राधेश्यामने ओट्यावर बसून नुकताच कलप लावला होता. दुसऱ्या चकरीत तो त्याच्या बनियनलाही लागला.

"अवो सर, दुश्मनी हाय का काही?" राधेश्याम ओरडला.

सरांनी धावत जाऊन स्प्रिंकलरला मिठी मारली. चष्मा वाहून गेला. आता सोडलं तर उषाबाई, धरलं तर राधेश्याम. "बेबी! मोटर!"

बेबीनंदाबाई उठल्या. काठी खुर्चीलाच राहिली. त्यांनी पदर खोचला, लॉनवर उतरल्या, शिव्या देत पार फाटकापर्यंत गेल्या आणि बटण बंद केलं.

सर मिठीतूनच म्हणाले, "अकरा." सवयच होती मोजायची.

"काय अकरा?"

"पावलं. बिनाकाठीची."

बाईंनी मागे वळून पाहिलं आणि फाटकाला धरून हळूच खाली बसल्या. "लई टोचलं," त्या म्हणाल्या. मग तळव्याची काडी झटकत, "मऊ असतं तर परत बी आले असते."

सरांनी चष्मा शोधला, बाईंना खुर्ची आणून दिली, उषाबाईंना नव्या शेवयांचा शब्द दिला आणि ओल्या कपड्यांनिशीच दुकान गाठलं. सात एकरवाला जोडाचे पाइप बदलायला परत आला होता.

"भिजला का अर्धा एकर?" मुबारकने विचारलं.

"मुबारक, माझं क्षेत्र बारा बाय पंधरा फूट आहे."

"फूट?" सात एकरवाल्याने विचारलं.

"फूट."

मुबारकचे ओठ हलले. "एकशेऐंशी चौरस फूट. बराबर, सर?"

"बराबर," सर म्हणाले. बावीस वर्षं उशीर झाला होता, पण उत्तर चोख होतं.

मुबारकने खणातून बोटाच्या पेराएवढे दोन हिरवे नोझल काढले. "हे रोपवाटिकावाले नेतेत. सहा फूट फेकतंय, अर्धीच चकरी घेतंय. भिंतीच्या कडंला लावा, तोंड आतल्या बाजूला. टाकीच्या नळावर चालतंय, मोटर न्हाई लागत. काय लावलं सर, भाजी?"

"गवत. बायको चालते त्यावर. अकरा पावलं."

"जाऊन-येऊन?"

"सध्या नुसतं जाऊन."

मुबारकने नोझल परत खणात टाकले आणि दुसरे काढले. "मंग हे न्या. ह्याचं पाणी बारीक पडतंय, बिलकुल पिठावाणी. गवत मऊ राहील."

सात एकरवाला आपले पाइप घेऊन बाजूला सरकला. "सरांचं आधी बांधून दे रे," तो म्हणाला. "हरभरा काय, उद्या बी भिजंल."